मागच्या शॉकअपची खटखट पुन्हा पुन्हा येते? डोम नटच्या आत बघा

लक्षण असं. गाडी रिकामी, वेग ताशी वीस-तीस, आणि सिमेंटच्या रस्त्याच्या सांध्यावरून किंवा लहानशा खड्ड्यातून गेलं की मागून डावीकडून एकच 'खट्ट'. मागे कोणी बसलं की आवाज कमी होतो. मोठ्या गतिरोधकावर तर जवळजवळ येतच नाही. शॉकअप धरणाऱ्या डोम नटाला (टोपीसारखा एका बाजूने बंद नट) पाना लावावा तर तो घट्ट. नवा रबरी बुश (शॉकअपच्या टोकाच्या कडीत बसणारं रबर, मधोमध लोखंडी नळी असलेलं) टाकला की पंधरा दिवस शांतता, मग पुन्हा तेच.

दोन शॉकअपच्या गाडीला असं होत असेल, तर शॉकअप बदलायच्या आधी हे वाचा. माझे दीड वर्ष, तीन बुश आणि शॉकअपची एक नवी जोडी यात गेली. शेवटी जे लागलं ते चार मिलिमीटर जाडीचं एक लोखंडी कडं होतं.

गाडी २०१२ सालची, दीडशे सीसीची. कागल ते कोल्हापूर रोजची ये-जा. हायवे बरा असतो, पण गावाकडच्या रस्त्यांच्या कडा ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉल्यांनी खचतात आणि मागच्या शॉकअपला दिवसभर काम लागतं. आई मागे एका बाजूला बसते, नऊवारी नेसून. त्यामुळे साडीगार्डशिवाय गाडी काढायचा प्रश्नच येत नाही. (१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३ सांगतो की मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं चाक निदान निम्मं झाकणारी सोय मोटरसायकलला हवी. साडीगार्ड काढून टाकून 'गाडी छान दिसते' म्हणणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं. पदर चाकात गेल्यावर काय होतं ते मी एकदा रस्त्यात पाहिलेलं आहे.)

जुलै २०२२ मध्ये जुन्या साडीगार्डचा वेल्ड गंजून तुटला. त्याच मापाचं नवं मिळालं नाही, म्हणून दुसऱ्या बनावटीचं घेतलं. ते फूटरेस्टच्या ब्रॅकेटला आणि मडगार्डच्या बोल्टला बसतं. जुन्याची मात्र एक पट्टी डाव्या शॉकअपच्या वरच्या स्टडवर (फ्रेममधून बाहेर आलेला, टोकाला आटे असलेला दांडा), डोम नटच्या खाली होती. ती निघाली. दुकानातल्या पोराने डोम नट परत लावला, आवळला, झालं.

तीन आठवड्यांनी खटखट सुरू झाली. मधे तीन आठवडे गेल्यामुळे साडीगार्डचा आणि आवाजाचा काही संबंध असेल हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

पहिल्या मेकॅनिकने बुश बदलला. पंधरा दिवसांनी आवाज परत आला. दुसऱ्याने पुन्हा बुश बदलला आणि स्टडवर आतल्या बाजूला, म्हणजे फ्रेम आणि शॉकअप यांच्यामध्ये, दोन वायसर घातले. आवाज थांबला. मी खूश. पाच महिन्यांनी डावा शॉकअप तेल गाळायला लागला. जोडी बदलली. जोडी बसवताना कोणीतरी ते दोन वायसर काढून ठेवले, आणि नव्याकोऱ्या शॉकअपसकट खटखट परत आली. पुन्हा नवा बुश, पुन्हा आत वायसर, पुन्हा शांतता, आणि पुन्हा काही महिन्यांनी डाव्या शॉकअपच्या सीलभोवती (तेल आत अडवणारं रबरी कडं) तेलकट ओल. उजव्याला काहीच नाही. दोन वेगळ्या शॉकअपचं सील एकाच बाजूला गळतं तेव्हा दोष शॉकअपमध्ये नसतो. तो ज्याच्यावर बसलाय तिथे बघायला हवं. एवढं कळल्यावर एका रविवारी गाडी मेन स्टँडवर घेतली आणि सगळं स्वतः मोजलं.

आत काय चाललेलं असतं

शॉकअपच्या वरच्या टोकाला कडी असते. कडीत रबर, आणि रबराच्या मधोमध लोखंडी नळी. ही नळी फ्रेमच्या स्टडवर चढते. स्टड जिथे जाड होतो ती पायरी आतल्या बाजूला, आणि बाहेरून वायसर आणि नट. पुष्कळांची समजूत अशी असते की नळी स्टडवर फिरते आणि रबर फक्त धक्के खातं. तसं नाही. नळी हलायचीच नाही. पायरी आणि नट यांच्यामध्ये ती घट्ट दाबली गेली पाहिजे, जणू स्टडचाच भाग. चिमटा (मागचं चाक धरणारा हलता सांगाडा) वरखाली होताना कडी थोडी फिरते ती रबर पिळवटून. म्हणून या जोडाला ग्रीस लागत नाही आणि आवाजही होत नाही.

नळी मोकळी राहिली तर ती स्टडवर आपटते आणि घासते. नळी आणि स्टड यांच्यामध्ये तांबूस भुकटी दिसली तर ती याचीच. मागे माणूस बसला की वजनाने नळी स्टडच्या एकाच बाजूला टेकून राहते, म्हणून आवाज कमी. गाडी रिकामी असली की चाक उसळतं, नळी दोन्ही बाजूंना आपटते. मोठ्या गतिरोधकावर स्प्रिंग सलग दाबली जाते, तिथेही ती एकाच बाजूला राहते.

आता नट घट्ट असताना नळी मोकळी कशी? डोम नट टोपीसारखा बंद असतो. स्टडचं टोक आत जाऊन टोपीच्या तळाला टेकलं की नट तिथेच थांबतो. पान्याला पूर्ण जोर लागतो, ठरलेला जोर लागल्याचं सांगणारा टॉर्क रेंचसुद्धा टिक् करतो. पण तो सगळा जोर नट आणि स्टडचं टोक यांच्यातच असतो. नळीवर त्यातलं काहीच पोचत नाही. माझ्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. साडीगार्डची पट्टी निघाल्याने मधली जाडी तीन मिलिमीटरने कमी झाली, आणि नट वायसरपर्यंत पोचायच्या आधीच तळाला टेकला.

वायसर बोटाने फिरवून बघितला तर फिरत नव्हता, म्हणून सगळे फसले. रबर नळीपेक्षा दोन्ही बाजूंना थोडं पुढे आलेलं असतं. ते फुगीर रबर वायसरला बाहेर ढकलून नटाशी धरून ठेवतं. नवा बुश पंधरा दिवस गप्प का राहतो त्याचंही कारण हेच. नवं रबर ताठ असतं. दबलं की नळी मोकळी होते. आणि साडीगार्ड काढल्यावर पहिले तीन आठवडे आवाज का नव्हता? जुनी नळी गंजाने स्टडला चिकटलेली होती. गंज सुटला तेव्हा खटखट सुरू झाली.

दुसरं काही नाही याची खात्री

गाडी मेन स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. एकाला चाक खालून धरून दोन-तीन सेंटिमीटर वरखाली हलवायला सांगा. तुम्ही डाव्या हाताचं बोट वरच्या कडी-वायसरच्या सांध्यावर अर्धं-अर्धं ठेवा. खेळ असेल तर कानाला कळायच्या आधी बोटाला टिचकी लागते. तसंच खालच्या जोडावर. मग चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवा. तिथे खेळ लागला तर चिमट्याचा बुश किंवा चाकाचं बेअरिंग तपासायचं. तो वेगळा विषय आहे आणि शॉकअपच्या खटखटीपेक्षा जास्त गंभीर आहे. मेन स्टँडची स्प्रिंग ढिली पडली की स्टँड आपटूनही असाच आवाज येतो. स्टँडला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून एक फेरी मारली की कळतं.

पक्की परीक्षा रंगाची. नळीचं टोक दिसत असेल तर तिच्यावरून वायसरवर आणि पुढे नटावर पांढऱ्या पेंट मार्करने एक सरळ रेघ मारा. नळी दिसत नसेल तर वायसर, नट आणि फ्रेम यांच्यावरून मारा. वीस-पंचवीस किलोमीटर चालवा. रेघ तुटून नळीचा तुकडा सरकला असेल तर नळी फिरतेय. माझी रेघ कागलहून कोल्हापूरच्या शाहू नाक्यापर्यंतच तुटली.

डोम नट तळाला टेकतोय का हे बघायला कणकेची गोळी वापरली. स्वयंपाकघरातून घट्ट मळलेल्या कणकेचा हरभऱ्याएवढा गोळा घेऊन डोम नटच्या आत तळाला दाबला, नट आधी जसा बसायचा तसा पूर्ण लावला आणि काढला. कणकेला आरपार भोक पडलं होतं आणि आत धातू चकाकत होता. म्हणजे टोक तळाला भिडत होतं. अंतर शिल्लक असतं तर तेवढ्या जाडीची चकती मागे राहिली असती. कणीक नंतर नीट पुसून काढा, राहिली तर आटे गंजतात.

माप

एका वेळी एकच बाजू खोला. दुसरा शॉकअप चिमटा धरून ठेवतो. तरीही चाकाखाली लाकडाचा ठोकळा सरकवून ठेवा.

व्हर्निअरच्या खोली मोजायच्या काडीने आणि जबड्यांनी माझी मापं अशी आली. पायरीपासून स्टडच्या टोकापर्यंत ४८.५ मिमी. पायरीला टेकणारा कंपनीचा मूळ वायसर २. नळी ३०. बाहेरचा वायसर २. डोम नटच्या तोंडापासून तळापर्यंत १२. स्टडवरचे आटे टोकापासून १४ मिमीपर्यंतच आहेत, त्याच्या आत साधा गोल दांडा.

आता बेरीज. पट्टी असताना २ + ३० + ३ + २ म्हणजे ३७. स्टड ११.५ बाहेर राहायचा, नटात जागा १२. अर्धा मिलिमीटर शिल्लक राहून नट वायसरवर बसायचा. पट्टी गेल्यावर बेरीज ३४, स्टड १४.५ बाहेर, नटात जागा १२ च. अडीच मिलिमीटर आधीच नट थांबला. सगळ्या दीड वर्षाचा हिशेब या अडीच मिलिमीटरमध्ये होता.

मग डोम नटाऐवजी साधा नट का नको? मीही आधी तोच विचार केला. पण आटे पायरीपासून ३४.५ मिमीवर सुरू होतात आणि थर ३४ चा. साधा नट आटे संपतात तिथे, अर्धा मिलिमीटर आधी अडकला असता. जोर लावला असता तर शेवटचे आटे खराब झाले असते. तुमच्या स्टडला आटे आतपर्यंत असतील तर साधा नट आणि खाली स्प्रिंग वायसर हा उपाय चालेल. मोजल्याशिवाय ठरवू नका.

मेकॅनिकने आत घातलेले दोन वायसर मिळून तीन मिलिमीटरचे होते. बेरीज पुन्हा ३७, म्हणून आवाज बंद व्हायचा. हिशेब बरोबर होता, जागा चुकली होती. आतल्या बाजूला भर घातली की शॉकअपची वरची कडी तेवढी बाहेर सरकते, खालची मात्र चिमट्यावर जागच्या जागी. माझा शॉकअप कडीपासून कडीपर्यंत ३२० मिमीचा. तीन मिलिमीटरचा सरक म्हणजे सुमारे अर्धा अंश तिरका. रबर त्यातलं थोडं सोसतं, पण उरलेला ताण दांड्याला सीलच्या एका बाजूवर दाबतो. जुना गळका शॉकअप मी अजून टाकला नव्हता. त्याचा दांडा पुसून उजेडात धरला तर एकाच बाजूला वरपासून खालपर्यंत चकचकीत पट्टा दिसला, दुसरी बाजू नव्यासारखी. यानंतर मला दुसरा पुरावा नको होता.

म्हणून ही बाब ठळक लक्षात ठेवा: मूळ पट्टी ज्या बाजूला होती, भर त्याच बाजूला घालायची. बसवताना परीक्षा सोपी आहे. खालचा बोल्ट लावा, वरची कडी स्टडवर सरकवा. ती पायरीपर्यंत सहज गेली पाहिजे. हाताने आत किंवा बाहेर ओढून धरावी लागत असेल तर रेषा चुकलेली आहे.

स्पेसर कसा करून घेतला

तीनची पट्टी गेली म्हणून तीनचाच स्पेसर करता आला असता. मी चारचा केला. २ + ३० + २ + ४ म्हणजे ३८, स्टड १०.५ बाहेर, नटात दीड मिलिमीटर शिल्लक. पुढे नवा डोम नट थोडा उथळ निघाला तरी तळाला टेकणार नाही, आणि १० मिमीच्या नटाला आटे पकडायला जेवढी लांबी लागते तेवढी मिळते. साध्या १० मिमी नटाची उंची ८ च्या आसपास असते. तेवढे आटे तरी गुंतलेच पाहिजेत, म्हणून स्पेसर उगाच जाड करण्यातही शहाणपणा नाही.

बाहेरचा वायसर बदलून ३० मिमी व्यासाचा घेतला. हे दिसायला किरकोळ आहे, पण जिवाशी संबंधित आहे. रबर कधी फाटलंच तर कडी स्टडवरून बाहेर निसटू नये, म्हणून सर्वांत बाहेर असा वायसर लागतो जो कडीच्या आतल्या व्यासापेक्षा मोठा असेल. पूर्वी ते काम साडीगार्डची पट्टी करत होती. क्रम असा: पायरी, आतला वायसर, शॉकअपची नळी, मोठा वायसर, स्पेसर, नट.

स्पेसरचा आतला व्यास १०.२ मिमी, बाहेरचा २२, जाडी ४.०. कागदावर आकृती काढून उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे गेलो. मिस्त्री वयस्कर होते. आकृती बघून म्हणाले, "हे वायसरच की. बाजारात दोन रुपयाला मिळतंय, लेथ कशाला?" मी सगळी हकिकत सांगितली. ते ऐकून घेऊन म्हणाले, "मग जाडीपेक्षा फेस महत्त्वाचे हाईत. दोन्ही तोंडं एकमेकाला समांतर नसली तर तुझा नट परत ढिला हुणार बघ."

त्यांचं म्हणणं मी घरी आकडे मांडून पडताळलं. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये या नटाला ३५ ते ४५ न्यूटन-मीटर टॉर्क दिलाय. ४० धरला तर १० मिमीच्या स्टडमध्ये साधारण २० हजार न्यूटन ताण येतो, म्हणजे दोन टनांच्या आसपास. एवढ्या ताणाने हा आखूड स्टड लांबतो किती? ढोबळमानाने ०.०६ मिमी. घट्टपणा टिकतो तो या एवढ्याशा लांबण्यावर. पंचवर काढलेल्या स्वस्त वायसरच्या कडेला बर (कापताना राहिलेली धारदार कोर) असते, तो पूर्ण सपाटही नसतो. असे तीन-चार वायसर एकावर एक ठेवले की दर सांध्यावर थोडं थोडं बसत जातं. सगळं मिळून पाच-सहा शतांश मिलिमीटर दबलं की स्टडचा ताण संपला. म्हणून वायसरांची चळत हळूहळू ढिली होते, आणि अखंड कातलेला स्पेसर होत नाही. टायरचा तुकडा, पत्र्याची घडी, प्लास्टिकची चकती तर लांबच राहिली. मऊ अ‍ॅल्युमिनियमही दोन टनांखाली दबतं. साधं माइल्ड स्टील पुरतं, ईएन-८ (त्याहून कणखर पोलाद) मिळालं तर उत्तमच.

मिस्त्रींनी २५ चा बार चकमध्ये धरला, तोंड सपाट केलं, ९.५ च्या ड्रिलने भोक पाडून बोअरिंगने १०.२ वर आणलं, बाहेरून २२ कातलं, कडा किंचित मारल्या आणि साडेचार जाडीवर पार्टिंग टूलने सोडवलं. मग उलटा धरून दुसरं तोंड चारवर घेतलं. भोक शेवटी पाडलं तर ते मध्यापासून सरकायची शक्यता असते, म्हणून सोडवायच्या आधीच. असे दोन नग करून घेतले, दीडशे रुपये दिले. मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजलं: ४.०१, ४.०२, ४.०१, ४.०१. तुमचा एवढा जुळला नाही तर काचेवर २२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, तेलाचा थेंब टाकून, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा घासा. जाड बाजूवर बोटाचा जोर थोडा जास्त द्या आणि दर वीस घासण्यांनी मोजा.

गंजू नये म्हणून प्लेटिंग करायचं असेल तर करा, पण रंग लावून बसवू नका. रंगाचा थरही दबतो. मी दोन्ही तोंडं कोरडी ठेवली आणि बाहेरच्या गोलाईला तेवढा प्रायमर मारला.

लेथ जवळ नसेल आणि उद्याच घाटात जायचं असेल तर एक तात्पुरती सोय आहे. १२ मिमीच्या जाड आट्याच्या नटाचं भोक आतून दहापेक्षा किंचित मोठं असतं. ते १० च्या स्टडवर सरकतं. १२ चा पातळ चेकनट साधारण ६ मिमीचा मिळतो, तो कानशीने दोन्ही बाजूंनी सपाट घासून चारवर आणा. मोठ्या वायसरच्या बाहेर बसवायला एका प्रवासापुरता चालतो. परत आल्यावर मात्र बदला, कारण नटाच्या तोंडाला भोकाशी उतार असतो आणि टेकायची जागा कमी मिळते.

बसवताना

स्टडवरची तांबूस भुकटी डिझेलने धुतली, बारीक पॉलिश पेपरने पुसली. नखाला लागेल असा खाचा नव्हता. असता तर स्टड बदलण्याशिवाय पर्याय नव्हता. ज्या नळीचं भोक लंबगोल झालंय ती पुन्हा वापरू नका, स्पेसरने जाडी भरते, झीज भरत नाही.

आत घातलेले दोन वायसर काढले. नवा बुश, मोठा वायसर, स्पेसर, डोम नट, हाताने बसेपर्यंत. आवळायच्या आधी कणकेची गोळी पुन्हा घातली. दीड मिलिमीटरची चकती आली. मग कणीक पुसून घेतली.

शेवटचा टॉर्क गाडी मेन स्टँडवर असताना देऊ नका. चाक लोंबकळत असताना नळी आवळली की रबर त्याच स्थितीत बांधलं जातं, आणि तुम्ही बसलात की ते कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं. गाडी खाली उतरवली, भावाला सीटवर बसवलं, आणि तेव्हा ४० न्यूटन-मीटरवर आवळला. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक मोठ्या वायसरच्या कडेला लावून जोराने ढकललं. पूर्वी तो हलायचा, आता केसभरही नाही.

खालच्या टोकाचा खेळ

काही गाड्यांत शॉकअपचं खालचं टोक दुबेळक्यासारखं असतं आणि मधे चिमट्याचा बुश बसतो, किंवा याच्या उलट. तिथे आवाज येत असेल तर चार मिलिमीटरची नाही, अर्धा-पाऊण मिलिमीटरची गोष्ट असते. बोल्ट जोरात आवळून दोन्ही कान एकमेकांकडे वाकवून खेळ घालवायचा प्रकार सर्रास चालतो. ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा कान असेल तर तो वाकत नाही, तडकतो.

फीलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पात्यांचा जुडगा) दोन्ही बाजूंची फट मोजा आणि बेरीज करा. ०.८ आली तर ०.४ च्या दोन शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या), दोन्ही बाजूंना एकेक. सगळी एका बाजूला घातली की पुन्हा शॉकअप तिरका. किंचित कमी चालेल, जास्त नको, नाहीतर हातोडीने ठोकून बसवावी लागेल आणि शिम मुडपेल.

पातळ पत्र्याला भोक पाडायला गेलं की पत्रा ड्रिलबरोबर गरगर फिरतो, हात कापतो. पत्रा दोन लाकडी फळ्यांमध्ये घट्ट दाबून तिघांतून एकदम भोक पाडा. भोक आधी, बाहेरचा गोल नंतर, कात्रीने. मग काचेवर पॉलिश पेपरने बर काढा. स्टेनलेसचा पत्रा सर्वांत बरा. पितळेचा कापायला सोपा, पण धुळीत लवकर झिजतो.

हीच शिम मागची उंची वाढवायला घालू का, असं बरेच जण विचारतात. काही मोठ्या मोनोशॉक (मागे एकच शॉकअप असलेल्या) गाड्यांत, उदाहरणार्थ कावासाकीच्या झेडएक्स-१०आरमध्ये, वरच्या ब्रॅकेटखाली शिम घालून मागची उंची बदलायची सोय कंपनीनेच ठेवलेली आहे. आपल्या दोन शॉकअपच्या गाड्यांत तशी सोय नाही. स्टडवरचा स्पेसर आडवा बसतो, त्याने उंचीत काहीही फरक पडत नाही. बाजारात शॉकअपच्या खालच्या कडीला जोडायचे उंचीचे तुकडे मिळतात, ते मी स्वतः लावणार नाही. त्यांनी चेनचा ताण बदलतो, साइड स्टँडवर गाडी जास्त कलते, आणि सगळं वजन एका जादा बोल्टवर येतं.

स्पेसर जानेवारी २०२४ मध्ये बसवला. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर टॉर्क रेंच लावून बघितला, नट हलला नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर चिखल धुऊन पुन्हा बघितलं. नव्याने मारलेली पांढरी रेघ वायसरवरून स्पेसरवर, स्पेसरवरून नटावर, अजून सलग आहे. डाव्या शॉकअपचा दांडा कोरडा आहे. आई मागे बसून जोतिबाला दोनदा जाऊन आली. घाटरस्त्यावर आवाज येतोय का म्हणून मी कान देऊन होतो, तिने मात्र "सावकाश चालव" याखेरीज काही म्हटलं नाही.

दुसरा स्पेसर ग्रीस लावून प्लास्टिकच्या पिशवीत घातलाय आणि टूलकिटमध्ये ठेवलाय. सोबत चिठ्ठी आहे: "डावी बाजू, वरचा स्टड. बाहेरून. आत वायसर घालू नये. ४० न्यूटन-मीटर." पुढच्या वेळी गाडी कोणीही खोलली तरी त्याला हे आधी सापडावं, म्हणून ती पान्यांच्या वरच ठेवली आहे.